सेकंडहँड पोकलेन दुपारी दबते, तीन एरर एकदम येतात. कंट्रोलर (मशीनचा कॉम्प्युटर) बदलू का?

गेवराईचा_मशीनवाला | रविवार, रात्री ९:१५

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गळ्याशी आलं म्हणून लिहायलोय.

दिवाळीनंतर एक २० टनी पोकलेन घेतली, सेकंडहँड. आधी रस्त्याच्या कामावर होती. मीटरवर ८,१४० तास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'ही चांगली का ती चांगली' ह्यावरच धागा संपतो. कामं आपली नेहमीची. शेततळी, विहिरी, नाल्यातला गाळ.

दोन आठवड्यांपासून नवीनच सुरू झालंय. सकाळी सातला चालू केली की जेवणापर्यंत कायबी तक्रार नाही. दोन-अडीचनंतर मात्र चालता चालता इंजिनाचा आवाज एकदम बसतो. १,८०० आरपीएमवर असलेलं इंजिन १,२०० ला येतं आणि बूम (मशीनचा मोठा हात) अशी उठते की जणू कुणी तिची झोपमोड केलीय. मॉनिटरवर एका दमात तीन कोड: पंपाचा प्रेशर सेन्सर, थ्रॉटल डायल (इंजिनाचा वेग ठरवणारा) आणि आर्मचा, म्हणजे बूमच्या पुढच्या हाताचा, पायलट प्रेशर (लिव्हरच्या तेलाचं प्रेशर) सेन्सर. चावी बंद करून अर्ध्या मिनिटानं परत चालू केली की नीट. दहा-पंधरा मिनिटं चालते, पुन्हा तेच.

एक लॅपटॉपवाले मेकॅनिक येऊन गेले. म्हणले उन्हानं कंट्रोलर गरम व्हायलाय, आतून गेलाय. जुना कंट्रोलर ८५ हजार सांगितला, नव्याचा भाव विचारायची हिंमत झाली नाही. त्याच्या आधी दुसऱ्या एकाच्या सांगण्यावरून पंपाची कॉइल (तांब्याच्या तारेची गुंडाळी) बदलली, ११ हजार गेले, फरक शून्य. शेततळं अर्धवट पडलंय, पाऊस तोंडावर, शेतकरी रोज फोन करतोय. घेऊ का कंट्रोलर?

डिझेल_भाऊ | रविवार, रात्री ९:३८

आधी डिझेल फिल्टर बदला. टाकीच्या तळातलं पाणी काढा. दुपारी दबते म्हणजे डिझेलच, दुसरं काही नाही.

गेवराईचा_मशीनवाला | रविवार, रात्री ९:५०

भाऊ, दोन्ही फिल्टर गेल्याच आठवड्यात टाकलेत, पाणीही काढलंय. पण डिझेल कमी पडलं तर आर्मच्या सेन्सरचा कोड कशाला येईल?

जुना_वायरमन_जालना | रविवार, रात्री १०:२०

हा प्रश्न सोडू नका. कंट्रोलर घेऊ नका, निदान आठवडाभर तरी.

तीन वस्तू एकाच सेकंदाला मरत नसतात. पंप मागे, डायल केबिनमध्ये, आर्मचा पायलट सेन्सर तिसरीकडेच. मग ह्या तिघांत सामाईक काय? वीज. बॅटरीचे २४ व्होल्ट ह्या सेन्सरांना थेट मिळत नाहीत. कंट्रोलर आतून ५ व्होल्टची वेगळी लाइन काढतो आणि त्याच एका लाइनवर बऱ्याचदा चार-पाच जण बसलेले असतात. प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, सेन्सरचा अर्थ (अर्थिंगची वायर) आणि सिग्नल. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण प्रेशरला ४.५. डायलही त्याच ५ व्होल्टांतून आपला वाटा मोजून देतो. आता ह्यातल्या एकाची ५ व्होल्टची वायर कुठं बॉडीला टेकली, तर आख्खी लाइन बसते. शिवारात एकाच्या मोटारीनं शॉर्ट मारला आणि सगळ्यांची डीपी उडाली, तसं समजा. डायल कितीवर आहे हेच कंट्रोलरला कळेना, म्हणून तो इंजिन खाली आणून मशीन कशीबशी चालेल एवढंच ठेवतो. चावी फिरवली की परत पहिल्यापासून मोजायला लागतो.

लॅपटॉपवाल्याला मी खोटं म्हणत नाही. पण लॅपटॉप फक्त कंट्रोलरला काय दिसलं ते सांगतो. का दिसलं ते मीटरच सांगतो.

करायचं काय: पंपाच्या प्रेशर सेन्सरच्या कपलरमागून (वायरी जोडायचा प्लग), वायर न टोचता, मीटरची बारीक पिन ५ व्होल्टच्या वायरीला लावा. काळी पिन त्याच कपलरच्या अर्थवर, बॉडीवर नाही. लांब वायरी लावून मीटर केबिनमध्ये घ्या, मिनिमम-मॅक्सिमम धरून ठेवणारा मीटर असला तर उत्तम. मशीन दबली की आकडा बघा. आणि टेस्ट लॅम्प ह्या वायरींना लावायचा नाही म्हणजे नाही. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा द्यायची त्या ५ व्होल्टच्या लाइनची ताकदच नसते.

मशीनवाली_परभणी | सोमवार, सकाळी ६:५०

दादा, वायरमन काकांचं ऐका. आमच्या घरी दोन मशीन आहेत, हिशोब आणि स्पेअरचं मी बघते, म्हणून ठेच लागलेली सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही असाच एक जुना कंट्रोलर आणला. डबा तोच, कपलर तेच, लावला तर मशीन चालू होऊन नुसती उभी. मागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर शेवटच्या दोन आकड्यांत वेगळा होता, म्हणजे आतला प्रोग्राम दुसऱ्याच मॉडेलचा. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही म्हणून दुकानदारानं हात वर केले. दोष शेवटी सापडला केबिनच्या मॅटखाली, मागच्या मालकानं वायरी पिळून नुसती टेप मारली होती.

सेकंडहँड मशीन घेताना आता मी स्वतः जाते. चावी 'ऑन' केली, इंजिन चालू न करता, की मॉनिटरचे सगळे दिवे एकदा लागायला हवेत. एखादा लागतच नसेल तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. एरर हिस्ट्री कोरी दिसली तर मला जास्त भीती वाटते. ८,००० तास चाललेल्या मशीनला एकही जुना कोड नाही, म्हणजे कालच कुणीतरी पुसलाय. इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये बहुतेक वेळा तास वेगळे साठलेले असतात. मॉनिटरवर ८,००० आणि इंजिनात १३,००० निघाले तर मॉनिटर बदललाय हे उघड आहे. तुमच्या मशीनचं एकदा बघून घ्या, राग येईल पण कळेल तरी.

गेवराईचा_मशीनवाला | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, आता बघून काय करू, पैसे देऊन बसलोय. 😅

कॉइलचं एक विचारायचं राहिलं. जुनी कॉइल मोजली होती. सकाळी १५ ओहम, दुपारी गरम असताना १८.५. म्हणूनच तो मेकॅनिक म्हणला, ही गेलीय.

मास्तर_लातूर | सोमवार, दुपारी १:०५

(आयटीआयला शिकवतो, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.)

तुमची ती कॉइल चांगली होती हो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. सकाळचे २० अंश धरले आणि पंपाजवळ तेलामुळं ८० झाले, तर ६० अंशांचा फरक, म्हणजे जवळपास २४ टक्के. १५ चे १८.५ व्हायलाच पाहिजेत. १५ चे १५ च राहिले असते तर मी मीटर तपासला असता. जुनी कॉइल टाकून देऊ नका, स्पेअर म्हणून ठेवा.

दुसरं, ५ व्होल्टच्या मागे लागण्याआधी अर्थ बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. मीटर ओहमवर ठेवून 'टूँ' वाजलं म्हणजे अर्थ चांगला, असं आपल्याकडं सगळे धरून चालतात. वीस तारांतली एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो. अर्थ नेहमी चालू मशीनवर, लोड असताना व्होल्टमध्ये मोजायचा. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी कंट्रोलरच्या अर्थ पिनेवर. सगळे दिवे, एसी, पंखा चालू. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर बोल्ट उघडा, रंगावर बसवलेला निघेल.

हदगाव_ऑपरेटर | सोमवार, दुपारी ३:४०

मधेच घुसतो, माफ करा. आमच्या मशीनचा मॉनिटर चालू होतो पण त्यावर काहीच येत नाही, नुसतं कंपनीचं चित्र. मशीन चालते. मॉनिटर गेला म्हणायचं का? दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झाल्यापासून आहे.

जुना_वायरमन_जालना | सोमवार, रात्री ८:३०

हदगाव, तुमचा मॉनिटर आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलत नसतील. ते दोघं कॅन (CAN) नावाच्या लाइनच्या दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पाच मिनिटं थांबा आणि त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही जागेवर असतील तर ६० येतं. १२० आलं तर एक टोक गायब. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. आकडा सांगा, मग बोलू.

गेवराईकर, तुमचं काय?

गेवराईचा_मशीनवाला | मंगळवार, रात्री ८:४५

अर्थ मोजला मास्तर, ०.०६ आला. तिथं सगळं ठीक.

५ व्होल्टच्या लाइनला मीटर लावून दिवसभर काम केलं. सकाळी ५.०२, हलायला तयार नाही. अडीच वाजता मशीन दबली, मीटरवर मिनिमम बघितला: ०.३!! काका, तुमच्या पाया पडतो.

मग दबली की एकेक सेन्सरचं कपलर काढून बघितलं, कुठला शॉर्ट आहे ते कळायला. सगळे काढले तरी मधेमधे लाइन बसायचीच. म्हणजे सेन्सर सगळे चांगले आणि वायर कुठंतरी टेकायलीय, बरोबर ना? पण एवढ्या मोठ्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) शोधू कुठं? आणि उन्हातच का टेकतीय?

डिझेल_भाऊ | मंगळवार, रात्री ९:००

उन्हानं वायरीचं प्लास्टिक मऊ होतं. माझं मत, आख्खा हार्नेस नवीन टाका.

मास्तर_लातूर | मंगळवार, रात्री ९:१५

भाऊ, तुमचं मत महागात पडतंय हो. 🙂

गेवराईकर, उद्या एक करा. दुपारी बारा ते तीन मशीन उन्हात नुसती चालू ठेवा, इंजिन वर घेऊन, काम न करता. डिझेल जाईल, जाऊ द्या. ऊन हेच कारण असेल तर नुसत्या उभ्या मशीनवरही लाइन बसली पाहिजे.

गेवराईचा_मशीनवाला | बुधवार, दुपारी ३:१२

तीन तास उभी केली. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. लाइन ५.०१, एकदाही बसली नाही. आता?

मशीनवाली_परभणी | बुधवार, दुपारी ३:३०

दादा, एक साधी गोष्ट विचारते. सकाळी तुम्ही काय खोदता आणि दुपारी काय?

गेवराईचा_मशीनवाला | बुधवार, दुपारी ३:४४

सकाळी वरची काळी माती. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर सकाळीच माती न्यायला येतात, ती रानात टाकायची असते. दुपारी टिपर लागतात, तेव्हा खालचा मुरूम.

आयला.

मुरूम कडक आहे.

मशीनवाली_परभणी | बुधवार, दुपारी ३:४७

तेच म्हणते. उन्हाचा काय संबंध, तुमची मशीन दुपारी जोर लावते.

जुना_वायरमन_जालना | बुधवार, रात्री ८:१०

शाब्बास ताई. माझ्या डोक्यात इतके दिवस ऊनच बसलं होतं.

आता सोपं झालं. काळ्या मातीत पंपाला फार प्रेशर करावं लागत नाही. मुरुमात बकेट अडली की मुख्य रिलीफ (जादा प्रेशर सोडणारा वाल्व) उघडेपर्यंत, म्हणजे ह्या साइजच्या बऱ्याच मशीनवर ३४० बारच्या आसपास प्रेशर चढतं. तेवढं प्रेशर आलं की पंपापासून वाल्वकडं जाणारा होज (तेलाचा रबरी पाइप) झटका खातो, सरळ व्हायला बघतो. दोन बोटं सरकतो सुद्धा. त्याच्या वाटेत वायर असली की ती दाबली जाणार. पंपाच्या खोलीत हार्नेस कुठं होजला चिकटलाय ते बघा.

पण बघायचं कसं ते नीट ऐका. मशीन सपाटीवर, बकेट जमिनीला. ऑपरेटर केबिनमध्ये, त्यानं आर्म पूर्ण आत ओढून फक्त दोन-तीन सेकंद धरायचा, सारखा नाही. तुम्ही मीटर बघा. पंपाचं दार उघडं ठेवून हात आत घालायचा नाही. होजला भोक असलं तर त्यातून निघणारं तेल सुईसारखं कातडीत घुसतं. बाहेरून टिपका दिसतो आणि आतून हात सडतो, आमच्या ओळखीच्या एकाचं बोट काढावं लागलं. बॅटरी मारून लांबून बघा. हात लावायचा तो इंजिन बंद करून, लिव्हर हलवून प्रेशर सोडल्यावरच.

हदगाव_ऑपरेटर | बुधवार, रात्री ९:०२

काका, मोजलं. ११९ आलं.

जुना_वायरमन_जालना | बुधवार, रात्री ९:१०

एक टोक गायब आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी कुठलं कपलर उघडलं होतं ते हेल्परला विचारा. हार्नेसला एखादं कपलर उघडं लटकतंय का, तेही बघा.

गेवराईचा_मशीनवाला | गुरुवार, दुपारी १२:२०

सापडलं!!!

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाही, म्हणून लिहून सांगतो. आर्म आत ओढून धरला की मीटर ५ वरून धाडकन ०.४. सोडला की परत ५. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. मग इंजिन बंद करून, प्रेशर सोडून पंपाच्या खोलीत उतरलो. पुढच्या पंपाचा मोठा होज कधीतरी बदललेला आहे. बाकीच्यांवर कंपनीचे आकडे छापलेत, हा गावठी बनवलेला, आणि मूळ होजपेक्षा चार बोटं लांब. लांब पडला म्हणून पोट काढून बसलाय. त्याच्या पोटामागून हार्नेस जातो. हार्नेसला धरणारी पत्र्याची क्लिप आहे पण तिच्यातलं रबर नाही, नुसता पत्रा. होज फुगला की हार्नेसला क्लिपवर दाबतो.

टेप सोडली तर आत एक लाल वायर, तिचं कातडं एका बाजूनं भातासारखं पांढरं झालेलं आणि मधोमध नखाएवढं तांबं उघडं. क्लिपच्या पत्र्यावर त्याच जागी काळा डाग, ठिणगीचा नव्हे, घासल्याचा. लाल वायर ५ व्होल्टचीच आहे, मीटरनं खात्री केली. शेजारच्या दोन वायरीही खरवडल्यात पण तांबं दिसत नाही.

हे तिघांच्या नजरेतून सुटलं. मी, कॉइलवाला आणि लॅपटॉपवाला.

जुना_वायरमन_जालना | गुरुवार, दुपारी १:००

आता नुसती टेप मारून मोकळे होऊ नका, नाहीतर पुढच्या मुरुमाला परत इथंच याल. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. तिन्ही वायरींचा खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा, पण तिन्ही जोड एकाच रेषेत घेऊ नका, पुढं-मागं घ्या, नाहीतर तिथं गाठ होते आणि ती पुन्हा घासते. जोड दाबून घ्या, वर आतून डिंक सुटणारी स्लीव्ह चढवा. पिळून टेप मारलेला जोड पंपाच्या खोलीत तेलावाफेत टिकत नाही. मग हार्नेसवर जाळीची नळी, रबरवाली क्लिप, आणि हार्नेस होजपासून लांब बांधा. होज योग्य लांबीचा बनवून घ्या, आज नाही तरी ह्या महिन्यात.

कुणी ब्रॅकेटला वेल्डिंग मारायला सांगितलं तर आधी बॅटरी आणि कंट्रोलरचे कपलर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा. मशीनच्या दुसऱ्या टोकाला अर्थ लावून वेल्डिंग केलेल्या दोन मशीनचे कंट्रोलर मी बघितलेत. ते मात्र खरंच गेले होते.

गेवराईचा_मशीनवाला | शनिवार, रात्री ९:३०

काल जोडलं, आज दिवसभर मुरूम काढला. मीटर मुद्दाम लावून ठेवला होता. मिनिमम ५.००. एकही कोड नाही. वायर, स्लीव्ह, क्लिप मिळून ३४० रुपये, होज वेगळा. शेततळ्याचा तळ सोमवारी लागेल.

आणि ताई, तुम्ही म्हणल्या म्हणून इंजिनातले तास बघून घेतले. ११,६००. सांगायला नको होतं तुम्ही.

मशीनवाली_परभणी | शनिवार, रात्री ९:४१

😂 सांगितलं होतं ना, राग येईल म्हणून.

हदगाव_ऑपरेटर | रविवार, सकाळी ८:०५

काका, आमचंही झालं. खुर्चीमागं एक कपलर उघडं लटकत होतं. हेल्परला विचारलं तर म्हणला, त्यात एक बिनवायरचं टोपण होतं, वायरच नाही तर काय कामाचं म्हणून काढून पान्याच्या पेटीत टाकलं. दोन महिने त्या पेटीत ग्रीसमध्ये पडलं होतं. पुसून मोजलं, १२०. बसवलं, मॉनिटर लागला.

पहिलाच कोड आलाय एअर फिल्टरचा, तो बरोबरच आहे.